बाई, म्हणजे मी घरी नेमकं काय करू?

सहामाही संपली, पेपर तपासून झाले, आता दिवाळीच्या सुट्टीआधी प्रथम सत्राच्या नोंदी पूर्ण करायच्यात. जेवणाच्या टेबलावर बेचाळीस मुलांचा गठ्ठा आहे आणि शिक्षकांच्या ग्रुपवर दरवर्षीसारखी पीडीएफ आलीये, 'वर्णनात्मक नोंदी, सर्व विषय'. ज्यांचा शाळेशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयापुढे शिक्षकानं आपल्या निरीक्षणातून चार शब्द लिहायचे असतात, विशेष प्रगती काय, आवड-छंद काय, सुधारणा कुठं आवश्यक. ही पीडीएफ म्हणजे ते शब्द आधीच कुणीतरी लिहून ठेवलेले, 'गणितीय क्रिया अचूक करतो', 'परिसरातील बदलांची नोंद घेतो', 'वाचनात गती आवश्यक', असे शंभर-दीडशे. वरून खाली उतरवत जायचं, मुलगी असेल तिथं 'करतो'चं 'करते' करायचं, दोन संध्याकाळींत काम हातावेगळं. मी बरीच वर्षं असंच केलंय. आता तीन-चार वर्षं झाली ती पीडीएफ उघडत नाही, आणि त्याला कारण एक वजाबाकी आहे.

तेव्हा चौथीचा वर्ग होता माझ्याकडे. १ मेला झेंडावंदन झालं की निकाल वाटतात. पुण्यातल्या दांडेकर पुलाजवळून येणारा एक मुलगा, शांत, वही टापटीप, कधी कुणाची तक्रार नाही. त्याची आई तीन घरी पोळ्यांची कामं करतात, त्या दिवशी दोन कामांच्या मधल्या वेळात आल्या होत्या, बांगड्यांना अजून कणीक लागलेली. बहुतेक पालक श्रेणी बघतात आणि प्रगतीपत्रक पिशवीत टाकतात. या बाईंनी तिथंच उभं राहून एकेका शब्दावर बोट ठेवत सगळं वाचलं. गणितापुढे मी लिहिलं होतं, 'संख्यांवरील क्रियांमध्ये अचूकता आवश्यक'. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "बाई, म्हणजे मी घरी नेमकं काय करू?"

मी म्हटलं, "सुट्टीत सराव करून घ्या त्याच्याकडून."

"कशाचा?"

त्यांच्यामागे रांग होती. मी म्हटलं, "सगळ्याचाच. बेरीज, वजाबाकी, पाढे." त्या मान हलवून गेल्या.

रात्री मला ते आठवत राहिलं. इतका साधा प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते वाक्य त्यांच्या मुलाबद्दल नव्हतंच, तेच वाक्य त्या दिवशी आणखी दहा-बारा घरांत गेलं होतं. पण खरं सांगते, तेव्हा एवढंच वाटून गेलं, सुट्टी लागली, विसरले.

जूनमध्ये वर्गाबरोबर मीही पाचवीला आले. पहिल्या आठवड्यात उजळणी म्हणून वजाबाकीची दहा गणितं दिली, त्या मुलाची चार बरोबर आली. मी लाल पेननं ४/१० लिहिलं, खाली 'सराव कर', सही, तारीख. दोन दिवसांनी तो स्वतःहून वही घेऊन आला, "बाई, सराव केला." दोन पानं भरून वीस गणितं, समास आखलेला, अंकाखाली अंक. पहिलंच गणित ४०२ वजा १६८, उत्तर ३६६. त्याखाली ५०० वजा २३७, उत्तर ३३७. मग ७३१ वजा २५६, उत्तर ५२५. आणि मधेच ६८७ वजा २४३, उत्तर ४४४, हे अगदी बरोबर.

फुली मारायला पेन उघडलं होतं तसंच राहिलं. घाईनं केलेलं एकही गणित नव्हतं त्या दोन पानांवर, खाडाखोड नव्हती. इतक्या मन लावून केलेल्या कामाला चूक म्हणायच्या आधी निदान तो काय करतोय ते तरी बघावं असं वाटलं, म्हणून मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्यातल्या पायरीवर घेऊन बसले.

"हे पहिलं कसं केलंस, मला मोठ्यानं सांग."

"दोनातून आठ जात नाहीत. मग आठातून दोन काढले, सहा. शून्यातून सहा जात नाहीत, सहातून शून्य गेलं, सहा. चारातून एक गेला, तीन."

"पण आठातून दोन का काढलेस?"

त्यानं माझ्याकडे जरा आश्चर्यानंच बघितलं. "मोठ्यातून लहान वजा करायचं ना. तुम्हीच सांगितलंय."

सांगितलं होतं. चौथीत, फळ्यावर, कितीतरी वेळा. मोठी संख्या वर मांडा, लहान खाली, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं. माझ्या मनात अख्खी संख्या होती, चारशे दोन आणि एकशे अडुसष्ट. त्यानं ते वाक्य एकेका अंकाला लावलं आणि वर्षभर इमानेइतबारे पाळलं. हातचा लागत नाही तिथं त्याचं उत्तर बरोबर यायचं, लागतो तिथं चुकायचं, दर वेळी एकाच जागी, एकाच पद्धतीनं. मी मात्र चौथीचं पूर्ण वर्ष त्याच्या वहीत बरोबर किती आणि चूक किती एवढंच मोजत होते. वर 'सराव कर' लिहून मी त्याच्याकडून तीच चूक आणखी कितीतरी वेळा घोटवून घेतली होती.

नंतर वाचताना कळलं की या चुकीचा रीतसर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या अशा चुकांवर लिहिलं, त्यांचं म्हणणं असं की मुलं बऱ्याचदा धांदरटपणानं चुकत नाहीत, त्यांच्या डोक्यात एक चुकीचा नियम पक्का बसलेला असतो आणि तो ती अचूकपणे वापरत असतात. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये बग असतो तसा. वरच्या-खालच्या अंकांत मोठा असेल त्यातून लहान काढायचा, हा त्यातला अगदी नेहमीचा. म्हणजे मी जिथं 'अचूकता आवश्यक' लिहिलं होतं तिथं अचूकता भरपूर होती, नियमच चुकीचा होता.

पायरीवर मी गणित पेटीतल्या खोट्या नोटा आणल्या. शंभराच्या चार, दोन रुपये सुट्टे. म्हटलं, "तुझ्याकडे चारशे दोन आहेत, किराणावाल्याला एकशे अडुसष्ट द्यायचेत. आधी आठ सुट्टे दे." दोन नाण्यांकडे बघून म्हणाला, "नाहीयेत एवढे." मग? "दहाची मोडायची." दहाची आहे का? "नाहीये." बराच वेळ गप्प बसला, डब्यातल्या पोळीचा घास हातातच. मग एकदम म्हणाला, "शंभराची मोडू?" शंभराच्या दहा-दहाच्या दहा केल्या, त्यातली एक मोडून सुट्टे केले, आणि मोजून एकशे अडुसष्ट माझ्या हातात ठेवले. उरले २३४.

मी म्हटलं, "आता तुझ्या वहीतलं बघ. तू लिहिलंयस की ३६६ उरले. किराणावाल्याकडे १६८ गेले. दोन्ही मिळव."

त्यानं बोटानं पायरीवरच बेरीज केली. ५३४. आणि मग जे म्हणाला ते मी अजून विसरले नाहीये. "एवढे नव्हतेच माझ्याकडे."

कुणी सांगायच्या आधी स्वतःच्या उत्तरातली गडबड त्याला स्वतःला दिसली. मधली सुट्टी संपल्यावर त्यानं ती वीसच्या वीस गणितं उलट बेरीज करून तपासली आणि चुकलेल्यांवर स्वतःच पेन्सिलीनं खुणा केल्या. मला एकही फुली मारावी लागली नाही. त्याच्या वहीत मी त्या दिवशी लिहिलं, "हातचा नसलेली गणितं बरोबर आहेत. वरचा अंक लहान असेल तर शेजारची नोट मोड. उत्तर आलं की खालच्या संख्येत मिळवून बघ, वरची संख्या यायला हवी." तीन वाक्यं. दहा मिनिटं पायरीवर बसल्याशिवाय ती मला लिहिता आली नसती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता कुणी म्हणेल, बेचाळीस मुलं, आठ विषय, दोन सत्रं, म्हणजे वर्षाला ६७२ नोंदी, कुठून आणायची प्रत्येकासाठी दहा मिनिटं? हा प्रश्न खराच आहे आणि मी तो टाळणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यातच सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचं कलम आहे, महाराष्ट्रात २०१० पासून आम्ही ते करतोय. आकारिक, म्हणजे शिकता शिकता करायच्या, मूल्यमापनाची आठ साधनतंत्रं दिलीत, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर. पाचवीला आकारिकला ५० टक्के, संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, ५०. ज्यांनी हे आखलं त्यांच्या मनात मुलाचं भलंच होतं, याबद्दल मला शंका नाही. आणि 'आकारिक' हा शब्द तर मला फार आवडतो. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मूल्यमापनाचे जे दोन प्रकार वेगळे काढले त्यातल्या एकासाठी मराठीत हा शब्द आलाय, शिकणं चालू असताना त्याला आकार देण्यासाठी केलेलं ते आकारिक. पण आमच्याकडे झालं काय, की आकारिकच्या नोंदी सत्र संपल्यावर, पेपर तपासून झाल्यावर, एकगठ्ठा भरल्या जाऊ लागल्या. तेव्हा आकार द्यायला काही उरलेलंच नसतं, रकाना भरायचा असतो. तपासणीला येणारे साहेब रकाना रिकामा आहे का बघतात. त्यात लिहिलंय ते त्या मुलाबद्दल आहे का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही, त्या आई सोडून.

आमच्या भाषेत शेरा 'मारतात'. फाईलवर मारतात, रजेच्या अर्जावर मारतात, तसाच वहीवर. शेरा मारणाऱ्याचं काम तिथं संपतं. मुलाचं काम तर तिथून सुरू व्हायला हवं.

वेळेचं मी असं करते की सगळ्यांच्या सगळ्या वह्या तपासायच्या नादी लागत नाही. बाकी वह्यांवर बरोबर-चूक होतं, पण रोज सात वह्या नीट वाचायच्या, आठवड्याचे सहा दिवस, बेचाळीस होतात. त्या सातांत मी 'छान', 'सराव कर', 'लक्ष दे' हे तीन शब्द लिहीत नाही. सुरुवातीला हात अक्षरशः अडायचा, 'छान' लिहायची इतकी सवय असते.

'छान'चंही एक सांगायचंय. एका मुलीनं 'पावसाळा' निबंध लिहिला होता. सगळे लिहितात तसं, बेडूक डराव डराव करतात, शेतकरी आनंदी होतो. आणि मधेच एक वाक्य, 'पाऊस आला की आमच्या पत्र्यावर एवढा आवाज होतो की आई काय बोलते ते तिच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं.' मी काय केलं, तर त्या वाक्यातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घांखाली लाल रेघा मारल्या आणि निबंधाच्या शेवटी लिहिलं, 'छान! शुद्धलेखनाकडे लक्ष दे.' पुढचा निबंध तिनं अप्पा बळवंत चौकात मिळते तसल्या निबंधमालेतून उतरवून आणला, एकही चूक नव्हती. तिनं माझा शेरा बरोबर ओळखला होता. मला काय हवंय ते तिला कळलं होतं, आणि मला ते नको होतं. मी तिला बोलावून सांगितलं की ते पत्र्याचं वाक्य मला अजून पाठ आहे, ते वाचताना मला तो आवाज ऐकू आला, तसं आणखी एक लिही. ती गोंधळून म्हणाली, "ते चुकलं होतं ना बाई?" काय उत्तर देणार. तिनं परत तसं लिहायला दिवाळीपर्यंत वेळ घेतला.

जॉन हॅटी आणि हेलन टिम्पर्ली यांनी २००७ मध्ये प्रतिसादावरच्या, म्हणजे फीडबॅकवरच्या, संशोधनाचा मोठा आढावा घेतला. कुठं जायचंय, आत्ता कुठं आहे, पुढचं पाऊल कोणतं, या तीन प्रश्नांची उत्तरं मुलाला मिळायला हवीत असं त्यांनी मांडलं, आणि 'हुशार आहेस', 'गुणी आहेस' अशी मुलावरच केलेली शेरेबाजी, चांगली असली तरी, शिकण्याला सगळ्यात कमी उपयोगी. त्याआधी १९९६ मध्ये क्लूगर आणि डेनिसी यांनी प्रतिसादाच्या परिणामाची ६०७ मोजमापं एकत्र करून बघितली होती. सरासरी फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी प्रतिसाद दिल्यावर काम आणखी बिघडलं होतं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या लाल पेनानं मारलेल्या त्या दोन रेघा डोळ्यापुढे आल्या.

मार्कांचंही करून बघितलं. इस्रायलच्या रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग आहे, काही मुलांना नुसते मार्क, काहींना नुसता अभिप्राय, काहींना दोन्ही. अभिप्रायवाल्यांचं पुढचं काम सुधारलं. आणि दोन्ही मिळालेल्यांचं? नुसते मार्क मिळालेल्यांसारखंच, म्हणजे मार्क दिसले की अभिप्रायाचा उपयोगच गेला. मी घटक चाचणीचे पेपर मार्क न लिहिता वाटले, मार्क माझ्या नोंदवहीत. पहिल्या दिवशी वर्गात एकच गिल्ला, "बाई, किती पडले?" संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर तेच, एका वडिलांनी तर लिहिलं की मार्क लपवायचं कारण काय. मुख्याध्यापिकांनी बोलावलं, मी समजावलं, त्या म्हणाल्या बघा बाई, पण दोन दिवसांच्या वर ओढू नका. म्हणून आता असं ठरलंय, पेपर अभिप्रायासह मिळतो, दोन दिवसांत दुरुस्ती करून आणायची, मग मार्क. तिसऱ्या-चौथ्या चाचणीपासून 'किती पडले' आधी येतं पण त्याच्या मागोमाग "बाई, हे तुम्ही लिहिलंय ते कुठल्या ओळीबद्दल?" हेही येतं. पालक सगळे पटले असं नाही. त्यांचंही चुकत नाही, २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायदा बदलला, पाचवी आणि आठवीला आता नापास होण्याची भीती परत आलीये, त्यांना आकडा हवाच असणार.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका दोनशेपानी वहीचा. शाळेचं टाचण, म्हणजे रोजच्या पाठाची आखणी, वेगळं, ते अधिकाऱ्यांसाठी असतं. ही माझी. घरी जाताना स्वारगेटहून पीएमपीएमएलची बस पकडते, जागा मिळाली तर बसमध्येच लिहिते, आज मी काय बोलले, मुलांनी काय ऐकलं, उद्या काय बदलायचं. डोनाल्ड शॉन या अभ्यासकांनी १९८३ मध्ये लिहिलंय की जाणकार माणूस काम करता करता विचार करतो आणि काम झाल्यावर मागे वळूनही विचार करतो. पहिला प्रकार वर्गात बेचाळीस जणांपुढे मला क्वचितच जमतो. दुसरा बसमध्ये जमतो. एक पान असंय: 'अपूर्णांक. मी म्हणाले, खालचा अंक मोठा तर तुकडा लहान. सहा जणांनी २/५ पेक्षा ३/१० लहान सांगितलं, "दहा मोठा म्हणून". उत्तर बरोबर, कारण चूक. मी पुढे निघून गेले. उद्या २/५ आणि ९/१० विचारायचं.' दुसऱ्या दिवशी विचारलं, त्यातल्या पाच जणांनी ९/१० लहान सांगितलं. आदल्या दिवशीच्या वह्यांवर त्या पाचही जणांना मी बरोबरची खूण दिलेली होती.

नवीन शिक्षण धोरणात, २०२० च्या, समग्र प्रगतीपत्रकाचं म्हटलंय, त्यात मुलानं स्वतःचं आणि सोबत्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करायचं. मला मनापासून हवंय ते. वीस गणितं स्वतः तपासणारा तो मुलगा तेच करत होता. फक्त एवढीच काळजी वाटते की त्याचीही तयार पीडीएफ येईल, मुलांनी स्वतःबद्दल काय लिहायचं त्याची.

त्या मुलाच्या पाचवीच्या प्रगतीपत्रकात मी लिहिलं, 'हातच्याची वजाबाकी जमते, मधे शून्य असेल तर अजून थांबतो. उत्तर उलट मिळवून स्वतः चूक शोधतो. घरी किराणाचा हिशोब त्याला करू द्या.' त्याच्या आईंनी बोट ठेवून वाचलं आणि म्हणाल्या, "तो करतोच की आता, वाण्याचं बिल मलाच तपासून देतो."

आज रात्री एक्केचाळीस मुलांचं लिहून झालंय. एक राहिलंय. तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसते ती मुलगी, कधी उशीर नाही, कधी गृहपाठ राहिला नाही, श्रेणी ब-१. माझी दोनशेपानी वही जूनपासून चाळली, तिचं नाव एकदाही नाही. सात वह्यांमध्ये तिची वही दर आठवड्याला येऊन गेलीये, माझ्या सह्या आहेत, आणि 'सुधारणा आवश्यक'पुढे लिहायला माझ्याकडे एक वाक्य नाही. पीडीएफमध्ये असतील वीस. रकाना तसाच ठेवलाय. उद्या तिसऱ्या तासाला गणिताचे पेपर वाटायचेत, तेव्हा तिच्या शेजारी जाऊन बसणारे आणि कुठलंही एक गणित तिला मोठ्यानं सांगायला लावणारे, बरोबर आलेलंसुद्धा चालेल.